वाढवून सांगितलं, दाबून सांगितलं

मे महिन्यात भुसावळला भर दुपारी कुणालाही विचारा, ‘आज पन्नास असेल’ हेच उत्तर मिळेल. हवामान खात्याचा त्या दिवसाचा आकडा ४५ अंशांच्या आसपास असतो. आता या माणसाबद्दल इंग्रजीत एक वाक्य लिहायचं झालं, तर आपल्याकडे बहुतेक जण डोळे मिटून ‘एक्झॅजरेट’ हे क्रियापद उचलतात. शाळेत तेवढंच पदरात पडलेलं असतं. अतिशयोक्ती म्हणजे एक्झॅजरेशन, धडा संपला. आणि उलट बाजूला, म्हणजे कमी करून सांगण्याला, अनेकांकडे एकही क्रियापद नसतं.

पण तो माणूस खरंच अतिशयोक्ती करतोय का? त्याने पन्नासचा आकडा कुठून आणला, ते आधी बघायला हवं. अंगाची लाही होतेय म्हणून त्राग्याने पन्नास म्हणाला असेल, तर एक्झॅजरेट चालेल. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याने ५० वाचलं असेल, तर तो काहीच वाढवून सांगत नाही. खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. गाडीचा सेन्सर तापलेल्या डांबराची आणि पत्र्याची धग खात असतो. या माणसाचा अंदाज चुकलाय, त्याला ‘ओव्हरएस्टिमेट’ म्हणतात. आणि आकडा कुठून आला हे ठाऊकच नसेल, फक्त खऱ्यापेक्षा जास्त आहे एवढं ठाऊक असेल, तर ‘ओव्हरस्टेट’. पहिलं क्रियापद माणसाच्या इराद्याकडे बोट दाखवतं, दुसरं त्याच्या समजुतीकडे, तिसरं फक्त विधानाकडे.

या सगळ्या क्रियापदांकडे मी कायद्याच्या कलमांसारखं बघतो. जेवढं सिद्ध करता येईल, तेवढंच कलम लावायचं. इरादा सिद्ध होत नसताना इराद्याचं कलम लावलं, की भांडण आकड्यावरून माणसावर घसरतं. इंग्रजीत पत्रं, अहवाल, अपिलं लिहिणाऱ्यांसाठी ही बाब शोभेची नाही, पैशाची आहे. खानदेशात तर फारच.

रावेर, यावल, मुक्ताईनगर भागातलं केळीचं वादळ घ्या. मेच्या अखेरीला किंवा जूनच्या तोंडाला वारं सुटतं आणि घड लागलेली बाग तासाभरात आडवी होते. केळीचं खोड म्हणजे लाकूड नसतंच, पानांच्या तळाच्या आवरणांचे एकात एक गुंडाळलेले थर असतात. वर वीस-पंचवीस किलोचा घड लोंबत असला, की सोसाट्याच्या वाऱ्यात ते मधूनच मोडतं, नाहीतर मुळासकट उलथतं. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येऊन पंचनामा करतात. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान निदान ३३ टक्के असावं लागतं. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. म्हणजे नुकसान ३५ टक्के असताना कागदावर ३० पडले, तर फरक पाच टक्क्यांचा दिसतो, पण हातात काहीच पडत नाही.

अशा वेळी अपील इंग्रजीत लिहिलं जातं तेव्हा काय होतं? लिहिणारा चिडलेला असतो. तो लिहितो, ‘द तलाठी डाउनप्लेड द लॉस.’ डाउनप्ले म्हणजे जाणूनबुजून महत्त्व कमी करून दाखवणं. हा थेट आरोप झाला, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी आता अर्जदारावर आली. त्याऐवजी ‘द रिपोर्ट अंडरस्टेट्स द लॉस’ लिहिलं, तर कर्ता माणूस राहत नाही, अहवाल होतो. मोजणी कमी झाली एवढंच म्हणणं उरतं आणि वरचा अधिकारी ते मोकळ्या मनाने तपासू शकतो. बाग चालून बघण्याऐवजी बांधावरून नजरअंदाज घेतला असेल, तर ‘द लॉस वॉज अंडरएस्टिमेटेड’. इथे चूक मोजणाऱ्याची आहे, पण लबाडी नाही. हाताशी खोडांची मोजणी असेल तर मी तरी अंडरस्टेटच लिहीन आणि पुढच्याच ओळीत ती मोजणी देईन.

सगळ्यात घात करणारं क्रियापद मात्र ‘मिनिमाइझ’. ‘द ऑफिस मिनिमाइझ्ड द लॉस’ हे वाक्य तक्रार म्हणून लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला कौतुक वाटतं. मिनिमाइझचे अर्थ दोन आहेत. एक, खरोखर कमीत कमी करणं. दोन, कमी आहे असं भासवणं. कार्यालयाने नुकसान कमी केलं की कमी दाखवलं, हे वाक्यातून कळायला मार्ग नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘रिड्यूस’ किंवा ‘लिमिट’ वापरावं. दुसरा हवा असेल आणि इरादा सिद्ध करता येत असेल तर ‘प्ले डाउन’ वापरावं. अर्जात, विम्याच्या पत्रात, डॉक्टरांच्या दाखल्यात मिनिमाइझच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

हा दुहेरीपणा आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. मिनिमाइझ हा शब्द जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताच्या लिखाणात १८०२ च्या सुमारास पहिल्यांदा सापडतो, मॅक्सिमाइझही त्याचाच. त्याच्या डोक्यात दुःख खरोखर कमीत कमी करणं होतं. दाखवण्याचा अर्थ मागाहून चिकटला. ‘बिलिटल’चा प्रवासही याच वाटेने झाला. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने १७८० च्या दशकात हे क्रियापद वापरलं, तेव्हा वाद प्राण्यांच्या आकाराचा होता. अमेरिकेच्या हवेत जनावरं खुजी होतात, असं ब्युफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं, आणि निसर्ग तिथे आपली लेकरं लहान करतो या अर्थाने जेफरसनने बिलिटल लिहिलं. हा कसला शब्द, म्हणून लंडनच्या एका समीक्षकाने त्याची टर उडवली होती. आज बिलिटल म्हणजे कुणाला किंवा कुणाच्या कष्टाला कमी लेखणं, तेही समोरच्याला लागेल असं. त्यामुळे बिलिटलचं कर्म म्हणून आकडा येत नाही, टक्केवारी येत नाही. माणूस येतो, त्याचं यश येतं, त्याची मेहनत येते. ‘डोन्ट बिलिटल हर वर्क’ हे वाक्य बरोबर. नुकसानीच्या टक्केवारीला बिलिटल लावणं चूक.

क्रियापदाला कोणतं कर्म चालतं, ही खरी गोम आहे आणि शब्दकोश ती क्वचितच समजावून सांगतात. ‘इन्फ्लेट’ला आकडा लागतो: बिल, दावा, किंमत, गुण, हजेरी. गोष्ट इन्फ्लेट होत नाही. एका एकरात ५ बाय ५ फुटांवर केळी लावली तर ४३,५६० चौरस फुटांना २५ ने भागून १,७४२ खोडं बसतात. ६ बाय ५ वर १,४५२. तेव्हा ५ बाय ५ च्या एका एकरातली अडीच हजार खोडं पडली, असा दावा कुणी केला तर तो ‘इन्फ्लेटेड क्लेम’ आहे, हे बागेत न जाता कळतं. ‘पॅड’ ही त्याच्या शेजारची गोष्ट. मूळ बिल खरं असतं, पण न झालेली हमाली, न लागलेली भाड्याची फेरी अशा बारीकसारीक रकमा मध्ये भरून ते जाड केलं जातं. इन्फ्लेटमध्ये आहे तोच आकडा फुगतो, पॅडमध्ये नसलेल्या ओळी घुसतात. निबंधही पॅड होतो. तीन पानांची अट असली की दुसऱ्या पानापासून मुलं काय करतात, ते कुठल्याही शिक्षकाला विचारा.

त्याच वादळाची गोष्ट संध्याकाळी पारावर रंगते तेव्हा क्रियापद पुन्हा बदलतं. वारं सुटलं होतं, पत्रे उडाले होते, हे खरं. पण उडालेला पत्रा तीन शेतं ओलांडून नेमका भांडकुदळ शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन पडला, ही भर सांगणाऱ्याची. याला ‘एम्बेलिश’ म्हणतात. आपलं तिखटमीठ लावणं याच्या अगदी जवळ जातं. एक्झॅजरेटमध्ये खरीच गोष्ट ताणली जाते, एम्बेलिशमध्ये नवा तपशील जोडला जातो. ‘एम्ब्रॉयडर’ त्याचंच जुन्या वळणाचं भावंड, बोलण्यात आता कमी येतं. एम्बेलिशचं मूळ फ्रेंचमधल्या सौंदर्यवाचक शब्दात आहे, म्हणून त्यात दोष असला तरी थोडं कौतुकही असतं. पारावर तो गुण आहे. साक्षीदाराच्या जबानीत मात्र ‘ही एम्बेलिश्ड हिज टेस्टिमनी’ म्हटलं की साक्ष मोडीत निघते.

राईचा पर्वत आणि पराचा कावळा यांना इंग्रजीत ‘ब्लो समथिंग आउट ऑफ प्रपोर्शन’ हा चांगला जोड आहे. त्यातलं ‘आउट ऑफ प्रपोर्शन’ गाळू नये. नुसतं ‘ब्लो अप’ म्हणजे स्फोटही होतो आणि फोटो मोठा करणंही. ‘मेक लाइट ऑफ’ म्हणजे गंभीर गोष्ट हसण्यावारी नेणं. त्यात ‘वर्क’ शिरलं आणि ‘मेक लाइट वर्क ऑफ’ झालं, की अर्थ होतो काम सहज उरकणं. ‘ग्लॉस ओव्हर’ म्हणजे अडचणीचा भाग घाईने ओलांडून पुढे जाणं, आपलं पांघरूण घालणं. ‘सॉफ्ट-पेडल’ पियानोच्या आवाज मऊ करणाऱ्या पेडलवरून आलं. ‘ट्रिव्हिअलाइझ’ हे हुंडा किंवा आत्महत्या यांसारखा विषय किरकोळ करून टाकणाऱ्यांसाठी राखून ठेवावं.

‘प्ले डाउन’ची एक तांत्रिक अडचण आहे, ती इथेच सांगतो. नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, कुठेही बसतं: ‘प्ले डाउन द रिस्क’, ‘प्ले द रिस्क डाउन’. सर्वनाम मात्र मध्येच हवं, ‘प्ले इट डाउन’. ‘प्ले डाउन इट’ असं इंग्रजीत होतच नाही, आणि आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत ते हमखास दिसतं. ‘डाउनप्ले’ला हा त्रास नाही, सर्वनाम सरळ नंतर येतं. ‘अंडरप्ले’ नाटकातही वापरतात, अभिनय मुद्दाम आवरून करण्यासाठी. ते स्तुतीचंही असू शकतं.

एक्झॅजरेटचं स्पेलिंगही लगेच बघून घेऊ. जी दोनदा, आर एकदाच. दोन जी असूनही उच्चारात ज येतो: इग्झॅजरेट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ रास रचत जाणं, मातीचा बांध उंच करत नेणं. जोडीला येणारी क्रियाविशेषणंही ठरलेली आहेत. ‘ग्रॉसली’, ‘वाइल्डली’ आणि ‘ग्रेटली’ एक्झॅजरेटेड चालतं, ‘हेविली एक्झॅजरेटेड’ कानाला खटकतं. आणखी एक. एक्झॅजरेट कर्माशिवाय एकटं उभं राहतं, ‘डोन्ट एक्झॅजरेट’. अंडरस्टेटला सहसा कर्म लागतंच. ‘ही इज अंडरस्टेटिंग’ एवढ्यावर वाक्य लोंबकळत राहतं.

वाढवण्याचा आरोप नसलेलं एक्झॅजरेशनही असतं. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी तापीच्या काठापासून तोरणमाळपर्यंतचा उभा छेद काढला, तर आडवं अंतर धरा ४० किलोमीटर आणि उंचीतला फरक साधारण एक किलोमीटर. दोन्ही अक्षांना १ सेंटिमीटरला १ किलोमीटर हेच प्रमाण ठेवलं, तर ४० सेंटिमीटरच्या कागदावर सातपुडा जेमतेम १ सेंटिमीटर वर येतो. काही दिसत नाही. म्हणून उभं प्रमाण पाचपट घेतात आणि खाली लिहितात, ‘व्हर्टिकल एक्झॅजरेशन पाचपट’. डोंगर ५ सेंटिमीटरचा होतो. किती वाढवलंय हे जाहीर केलेलं असल्यामुळे यात फसवणूक नाही. ती ओळ विसरली तर मात्र छेद चुकीचा ठरतो.

तसंच हिशेबाच्या खोलीत ओव्हरस्टेट आणि अंडरस्टेट हे शब्द थंड असतात. तिथे त्यांना रागलोभ नाही. एखाद्या जिनिंगमध्ये ३१ मार्चला सरकी आणि गाठींचा शिल्लक साठा चुकून ५ लाखांनी जास्त धरला गेला, तर त्या वर्षीचा नफा ५ लाखांनी ओव्हरस्टेट होतो. तोच साठा पुढच्या वर्षी आरंभीचा साठा म्हणून खर्चात येतो. मग त्या वर्षीची अखेरची मोजणी बरोबर असली तर नफा ५ लाखांनी अंडरस्टेट होतो. दोन वर्षांची बेरीज जुळते आणि मधली चूक डोळ्यांआड राहते. ऑडिटर इथे एक्झॅजरेट कधीच लिहीत नाही. इन्फ्लेट लिहिलं तर तो मुद्दाम केल्याचा संशय व्यक्त करतोय, हे मालकाने ओळखावं.

आता एका अशा जागेकडे येतो, जिथे मराठी माणूस हमखास घसरतो, आणि का घसरतो ते कळलं तर सावरणं सोपं आहे. ‘केळीला ठिबकचं महत्त्व सांगावं तेवढं थोडं’ हे आपलं रोजचं वाक्य. ते इंग्रजीत न्यायला बसलं, की मराठीतलं शेवटचं ‘थोडं’ कानात घुमत असतं. हात आपोआप ‘अंडर’कडे जातो आणि कागदावर उतरतं, ‘द इम्पॉर्टन्स ऑफ ड्रिप कॅनॉट बी अंडरस्टेटेड.’ याची उकल करून बघा. कॅनॉट म्हणजे शक्य नाही. कमी करून सांगणं शक्य नाही, म्हणजे कितीही खाली गेलं तरी ते खऱ्यापेक्षा कमी होत नाही, म्हणजे महत्त्व शून्याला टेकलेलं. म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट झालं. हवं होतं ‘कॅनॉट बी ओव्हरस्टेटेड’: कितीही चढवून सांगितलं तरी जास्त होणार नाही. मराठी वाक्य खालच्या टोकाकडून चालतं, इंग्रजी वरच्या.

ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही सर्रास करतात, मोठ्या वर्तमानपत्रांत छापून येते. त्यांचं कारण वेगळं आहे. ते कॅनॉटचा अर्थ ‘करता कामा नये’ असा धरतात. तसा अर्थ हवाच असेल तर ‘मस्ट नॉट बी अंडरस्टेटेड’ किंवा ‘शुड नॉट बी अंडरएस्टिमेटेड’ लिहावं, ती दोन्ही वाक्यं निर्दोष आहेत. आणि गोंधळ मुळातूनच टाळायचा असेल तर ‘इज हार्ड टु ओव्हरस्टेट’ लिहा. नकार काढून टाकला की हात घसरत नाही.

कमी करून सांगण्याची सवय आपल्याकडेही आहे. अहिराणीत ‘बरं शे’ म्हणणाऱ्याच्या घरी लग्न ठरलेलं असू शकतं किंवा विहीर आटलेली असू शकते, ऐकणारा आवाजावरून ओळखतो. इंग्रजांची ही सवय प्रसिद्धच आहे, आणि ती ओळखणारा समोर नसला तर काय होतं याचं एक उदाहरण कोरियन युद्धातलं आहे. एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीवर ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली. ब्रिटिश ब्रिगेडियरने अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ असल्याचं कळवलं, असं सांगितलं जातं. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ होता, फार वाईट अवस्था आहे. अमेरिकन कानाला वाटलं, थोडी अडचण आहे, निभेल. बटालियनमधले बहुतेक जवान मारले गेले किंवा कैद झाले. त्या लढाईत कारणं अनेक होती, पण हे वाक्य इंग्रजी शिकवताना अवश्य सांगावं. अहवालात ‘अ बिट’, ‘सम’, ‘स्लाइट’ वापरण्याआधी वाचणारा कोण आहे ते बघावं. पुरातल्या गावातून जिल्ह्याला पाठवायच्या संदेशात ‘पाणी जरा वाढलंय’ चालणार नाही. पाण्याची पातळी मोजणाऱ्या गेजवरचा आकडा आणि वेळ लिहावी.

आणि म्हणूनच जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलामुलींबद्दल मनापासून काळजी वाटते ती ‘अंडरसेल’ या क्रियापदापाशी. व्यापारात अंडरसेल म्हणजे शेजारच्या दुकानापेक्षा स्वस्त विकणं. माणसाला लागतं तेव्हा पुढे ‘युवरसेल्फ’ येतं आणि अर्थ होतो स्वतःची किंमत कमी सांगणं. पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत आपली मुलं हेच करतात. केळीच्या खोडापासून धागा काढण्यावर वर्षभर काम केलेली मुलगी सांगते, ‘आय जस्ट डिड सम स्मॉल प्रोजेक्ट ऑन बनाना फायबर.’ तीन शब्द आधी काढून टाकायचे: जस्ट, सम, स्मॉल. मग ‘डिड’च्या जागी नेमकं क्रियापद. खोडं गोळा केली असतील तर ‘कलेक्टेड’, धाग्याची ताकद तपासली असेल तर ‘टेस्टेड’. मग किती नमुने, कोणतं यंत्र, किती महिने. दुसऱ्या बाजूची हद्दही ओळखता यायला हवी. गटात चौघं असताना ‘आय लेड’ लिहिणं हे ओव्हरस्टेट. दोन महिन्यांची इंटर्नशिप सहा महिन्यांची दाखवणं हे इन्फ्लेट. न केलेले कोर्स यादीत घालणं हे पॅड. यंत्र हाताळलं नसेल, फक्त त्यावरचे आकडे नोंदवले असतील, तर ‘ऑपरेटेड’ लिहू नये, ‘रेकॉर्डेड’ लिहावं.